आटे हात पाडतो की गियर?

लेथवर आटे पाडणं म्हणजे टर्नरच्या हाताचं कसब, असं सहज म्हटलं जातं. खरं तर या कामातली सगळ्यात नाजूक जबाबदारी हाताकडून काढून घेतली, तेव्हाच आटे भरवशाचे झाले. हातात टूल धरून आटे कोरले जात, त्या काळी एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच अशी खात्री नसे. लंडनच्या हेन्री मॉडस्लीने १८०० च्या सुमारास टूल स्लाइडवर पक्कं बसवलं आणि त्याची चाल लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब आटेदार दांडा) व गियरांच्या हवाली केली. जेसी रॅम्सडेनने हे तत्त्व त्याआधीच वापरलं होतं. मॉडस्लीने ते कारखान्याच्या कामाला जुंपलं. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचं प्रमाण मांडलं. आधी यंत्र अचूक झालं, म्हणून प्रमाण ठरवता आलं.

चकाच्या एका फेऱ्यात टूल जितकं सरकतं, तितकी पिच. लीड स्क्रूची पिच ६ मिमी असेल आणि जॉबवर १.५ मिमी हवी असेल, तर चकाच्या चार फेऱ्यांना लीड स्क्रूचा एकच फेरा व्हायला हवा. ३० दात्यांच्या गियरने १२० दात्यांचा गियर फिरवला की हिशेब जुळतो. सहाला दीडने पूर्ण भाग जातो, म्हणून पुढच्या कटला हाफ नट (टूलची स्लाइड लीड स्क्रूला जोडणारा, उघडता येणारा नट) कुठेही लावला तरी टूल जुन्याच खाचेत उतरतं. पिच १.७५ असेल तर तसं होत नाही; तिथे हाफ नट न उघडता टूल बाहेर काढून मशीन उलटं फिरवणं, हा खात्रीचा मार्ग.

मग टर्नरकडे उरलं काय? गियर पिच देतात, आट्याचा आकार देत नाहीत. मेट्रिक आट्यासाठी टूलला ६० अंशांची धार लावणं, ते सेंटरला आणि जॉबशी काटकोनात बांधणं, कट किती द्यायचा हे ठरवणं त्याच्याकडेच राहतं. टूल तिरकं बसलं, तर पिच बरोबर असूनही नट एकाच अंगाला घासतो. सीएनसी आल्यावर हे शिकायचं कशाला, हा आक्षेपही तपासावा. लाखोंनी लागणारे बोल्ट रोलिंगनेच, म्हणजे आटे दाबून उठवूनच, करावेत, यात वाद नाही. पण सीएनसीतही एन्कोडर स्पिंडलचा फेरा मोजतो आणि टूल त्याच प्रमाणात सरकतं; गियर गेले, गुणोत्तर राहिलं. म्हणून आयटीआयच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅम लिहिण्याआधी एक तरी आटा गियर बदलून पाडावा.