डिशवॉशरच्या पोटात दडलंय काय?

सकाळचे साडेसहा. फास्ट लोकल पकडायची घाई, आणि डिशवॉशरचं दार उघडते तर आत चक्क तळं! हळदीच्या रंगाचं, वर दोन कढीपत्त्याची पानं तरंगताहेत. रात्रभर पाण्याचा निचराच झाला नव्हता.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मावशींचं येणं थांबलं, तेव्हा आमच्या विरारच्या वन-बीएचकेत हे यंत्र आलं. मावशी परतल्या, यंत्रही राहिलं. तवे-कढया त्यांच्या, बाकीचं मशीनचं, अशी वाटणी झाली.

सर्व्हिसवाल्याला फोन लावला. ‘मॅडम, विरारला ना? शनिवारी बघू.’ तो दिवस होता मंगळवार! मग काय, रविवारी साफसफाईला काढायचा टूथब्रश मंगळवारीच बाहेर काढला.

खरं सांगू? डिशवॉशर बिघडतं कमी, तुंबतं जास्त. तेच तेच पाणी जाळीतून गाळून ते पुन्हा भांड्यांवर फवारतं, म्हणून तर दहा-बारा लिटरमध्ये अख्खा ढीग निघतो. शेवटी पंप ते पाणी पाईपमधून सिंकच्या ड्रेनेजमध्ये ढकलतो. म्हणजे पाणी अडलं तर जाळीत, पंपाशी, नाहीतर पाईपमध्ये.

आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. साचलेलं पाणी मगाने आणि स्पंजने उपसा. (झाडांना घालू नका, साबण असतो. टॉयलेटमध्ये ओता. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत तेवढंच एक फ्लश वाचतं!) खालचा रॅक काढला की तळाशी गोल जाळी दिसते. ती उलटी फिरवली की हातात येते. माझ्या जाळीत खोबऱ्याचा कीस, मोहरी आणि कोथिंबिरीच्या काड्या... अख्खी फोडणीच म्हणा ना! जाळीवर पांढरा थरही होता. आमच्याकडे सूर्या धरणाचं पाणी कमी पडलं की बोअरचं येतं, त्यातल्या क्षारांचा हा प्रताप. व्हिनेगरमध्ये थोडा वेळ बुडवली, ब्रशने घासली. बाथरूमचं ॲसिड मात्र चुकूनही नको.

मशीन लावलं. पुन्हा तळं.

मग जाळीच्या खालचा खळगा. रबरी हातमोजे घालाच, फुटक्या ग्लासची काच तिथेच जाऊन बसते. टॉर्च मारला तर पंपाच्या छोट्या पंख्यात सुरमईचा काटा! चिमट्याने काढला. पंखा बोटाने फिरवला तर अडखळत फिरला. घाबरू नका, तो तसाच फिरतो.

पुन्हा लावलं. पंप गुरगुरला, पाणी तसूभर हललं नाही. तोवर लोकल गेली आणि मावशी आल्या.

‘ताई, परवा तुम्ही कांद्याची टोपली सिंकखाली कोंबलीत ना?’

टोपलीमागे पाईप चक्क दुमडला होता. मावशींनी तो सरळ केला. मी त्याचा मधला भाग सिंकखाली उंच उचलून बांधला, कारण तो खाली लोंबला तर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये शिरतं. बटण दाबलं. घळघळ आवाज करत पाणी निघून गेलं. मी टाळ्याच वाजवल्या!

मावशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. ‘आता हे नीट चालतंय म्हटल्यावर माझे पैसे कमी करणार का?’

‘नाही हो मावशी,’ मी म्हटलं.

‘नक्की ना?’ असं विचारून त्यांनी कढई घासायला घेतली.