कड्यापासून चार पावले मागे

थोरला मुलगा डब्लिनला नोकरीत, आईबाबा, आजी आणि धाकटा नोएडाला. रविवारी दुपारी फोन वाजतो आणि पाठोपाठ फोटो येऊन पडतात. त्या रविवारी आलेल्या फोटोंत समोर अटलांटिक महासागर होता, खाली फेसाळणाऱ्या लाटा होत्या आणि पाण्यातून भिंतीसारखा सरळ उठलेला काळपट कडा होता. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात असलेले हे मोहेरचे कडे सर्वांत उंच ठिकाणी २१४ मीटर आहेत. चार मित्रांनी मिळून गाडी आणि गाइड ठरवला, पहाटे डब्लिन सोडले आणि रात्री परत आले.

मुलाने कड्यापेक्षा गाइडबद्दलच जास्त सांगितले. सकाळी किनाऱ्यावर दाट धुके होते. दहा हात पुढचे दिसत नव्हते. गाइडने गाडी सरळ बरेनच्या चुनखडीच्या पठाराकडे वळवली, तिथे दोन-तीन तास फिरवले आणि धुके उठल्यावरच कड्यावर नेले. उतरताना प्रत्येकाच्या बुटांचे तळ पाहिले. जी पायवाट बंद होती, तिच्याकडे बोटसुद्धा दाखवले नाही. या कड्यांवरून माणसे पडून मेल्यावर २०२४ साली काठाच्या वाटेचे काही भाग बंद करण्यात आले होते.

“दादाची मजा आहे,” धाकटा म्हणाला. “आपल्याकडे काय, मॉल!”

आयर्लंडला जायचे तर विमानाचे भाडे आलेच, शिवाय व्हिसाही वेगळा. युरोपचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. तेव्हा तो विषय तिथेच संपला असता. पण अकरावीतल्या मुलाच्या हातात मोबाइल असतो. संध्याकाळपर्यंत त्याने शोधून काढले, की कडा आणि निळेशार पाणी फरिदाबादलाच आहे, घरापासून दीड तासावर! फोटोत त्याच्याच वयाची मुले उंच खडकावरून पाण्यात उड्या मारताना दिसत होती.

दिल्लीला डोंगर नाही असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर उभे आहे, ती अरवलीचीच शेपटी. जगातल्या अतिप्राचीन पर्वतांपैकी एक असलेली ही रांग गुजरातेतून निघते, राजस्थान ओलांडते, गुडगाव-फरिदाबादेतून दिल्लीत शिरते आणि विद्यापीठाच्या मागच्या रिजवर जवळजवळ जमिनीत मुरून जाते. दगड क्वार्टझाइटचा, म्हणजे कमालीचा कठीण. धौजच्या खडकांवर दिल्लीतले गिर्यारोहक हात-पाय घासून घेतात ते उगाच नाही.

बाबांनी शनिवारसाठी टॅक्सी ठरवली. टॅक्सीवाल्याने दिल्लीचा ठरलेला हिशेब सांगितला, “आठ घंटे, अस्सी किलोमीटर.” त्यावर झाले तर वेगळे पैसे. गाइड मात्र आईच्या आग्रहामुळे आला. ऑफिसातल्या फरिदाबादच्या एका सहकाऱ्याने मांगर गावाजवळच्या एका गृहस्थांचे नाव सुचवले. पन्नाशीचे गृहस्थ, तरुणपणी खाणीवर ट्रक भरायचे काम केलेले, आता लोकांना जंगल दाखवतात. बाबांना हा खर्च जास्तीचा वाटत होता. “रस्ता मोबाइल दाखवतो की!” त्यावर मूळच्या अकोल्याच्या, म्हणजे नगरकडच्या अकोल्याच्या, आजी म्हणाल्या, “हरिश्चंद्रगडावर जाताना पाचनईचा वाटाड्या घेतोच ना आपण? कोकणकड्यावर त्यानंच आम्हाला पालथं झोपवून दरी दाखवली होती. उभं राहू दिलं नाही.”

नोव्हेंबर-डिसेंबरातला धूर निवळल्यावरचा तो दिवस होता. गुडगाव-फरिदाबाद रस्त्यावर ठरल्या जागी गृहस्थ उभे होते. अर्धी रक्कम आधी द्यायची ठरली होती, ती बाबांनी दिली. आजींना त्यांनी “नमस्ते, माताजी” म्हटले आणि मुलाने विचारायच्या आत त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिले. पिशवीतून टॉवेल डोकावत होता.

निळे पाणी त्यांनी दाखवले, पण लांबून. पक्क्या खडकाच्या एका उंचवट्यावर सगळ्यांना काठापासून चार पावले मागे उभे केले. खाली जुन्या खाणीचा प्रचंड खड्डा, चारी बाजूंनी उभा कापलेला तांबूस दगड आणि तळाशी खरोखरच डोळ्यांत भरणारे निळे पाणी. फोटो खोटे नव्हते. या भागातल्या अशा एका तळ्याला लोक ‘खूनी झील’ म्हणतात.

मुलाला खाली उतरायचे होते. गृहस्थ नाही म्हणाले. बाबांनी मध्यस्थी केली, “नुसते पाय बुडवू द्या, त्याला चांगले पोहता येते.” तेव्हा त्या गृहस्थांनी खिशातून सकाळी घेतलेली रक्कम काढली आणि शांतपणे बाबांपुढे धरली. “पोहता येणारेच बुडतात, भाईसाहब. ज्याला येत नाही तो पाण्यात जातच नाही.”

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग आई म्हणाली, “पैसे राहू द्या. तुम्ही म्हणाल तसे.”

गाइड ठरवला म्हणजे दिवसभरासाठी एक हरकाम्या मिळाला, अशी आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांची समजूत असते. इतिहासाच्या चार सनावळ्या सांगाव्यात, पिशव्या उचलाव्यात, फोटो काढावेत आणि आपण म्हणू तिथे न्यावे. नाही म्हणण्याचेही पैसे त्याला द्यायचे असतात, हे कोणी ध्यानात घेत नाही. अर्थात पैसे परत करणारे किती भेटतील, ही शंका आहेच.

त्यांचे म्हणणे काही केवळ भीती घालण्यासाठी नव्हते. नदीला किंवा गावतळ्याला उतार असतो. घोटाभर, गुडघाभर, कमरेभर असे पाणी वाढत जाते. खाणीला उतार नसतो. एक पाऊल पाण्याखालच्या कपारीवर आणि पुढचे थेट खोलात. वरचे पाणी उन्हाने कोमट असते, खाली ते एकदम गार लागते आणि दमलेल्या माणसाचे हातपाय आखडतात. बाहेर यायला धरायचे काय, तर उभी भिंत. काठाचा खडकही सुरुंगांनी खिळखिळा झालेला. वरून अखंड दिसणारा दगड खालून पोकळ असू शकतो. मोहेरच्या वाटेवर निदान पाटी असते आणि बंद केलेला मार्ग असतो. इथल्या कित्येक खड्ड्यांना ना कठडा, ना रखवालदार. दर उन्हाळ्यात अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात आणि बहुतेक वेळा ती शाळा-कॉलेजातली असतात.

आणि हे पाणी आले कुठून? दिल्ली आणि भोवतालची शहरे बांधायला या टेकड्यांतून दगड आणि ‘बदरपूर’ नावाने ओळखली जाणारी जाडी वाळू दशकानुदशके निघत होती. खोदता खोदता खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या. खड्ड्यात दिसते ते जमिनीच्या पोटातले, उघडे पडलेले पाणी, त्यात पावसाची भर. दिल्लीच्या हद्दीतल्या भाटी खाणींचा भाग १९९१ साली असोला अभयारण्याला जोडला गेला. हरियाणाच्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ च्या आदेशांनी खाणकाम थांबवले. जवळच असलेला बडखल तलाव एके काळी दिल्लीकरांचे सहलीचे लाडके ठिकाण होता. नावेत बसून काढलेले त्याचे फोटो जुन्या अल्बमांत अनेकांकडे सापडतील. तो या शतकाच्या सुरुवातीला ठणठणीत कोरडा पडला. पाणलोटातले खाणकाम हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते. पुढे प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडून तो भरण्याची योजना हाती घ्यावी लागली. बडखलचे गेले आणि खाणीत दिसले, असा हा हिशेब.

मुलगा गाडीत घुम्यासारखा बसून होता. गृहस्थांनी गाडी मांगरकडे घ्यायला सांगितली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विलायती कीकर होता, म्हणजे आपली वेडी बाभूळ. इंग्रजांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीच्या रिजवर लावलेल्या या मेक्सिकोकडच्या झाडाने सगळी अरवली बळकावली आहे. त्याच्या सावलीत दुसरे फारसे काही उगवत नाही. चालत एक चढ पार केला आणि एका ठिकाणी कीकर संपला. पुढे दरी होती आणि दरीभर एकाच उंचीची, एकाच जातीची, बारीक पानांची दाट झाडी. दिल्लीपासून इतक्या जवळ असे जंगल असेल, यावर बाबांचाही विश्वास बसेना.

ही मांगर बनी. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गावांच्या सीमेवर असलेले हे रान गुदडिया दास बाबांचे मानले जाते. इथली फांदी तोडायची नाही, तोडली तर बाबांचा कोप होतो, ही गावकऱ्यांची श्रद्धा पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. आजूबाजूच्या टेकड्या फोडल्या गेल्या तेव्हाही बनी राहिली.

“अगं, ही तर देवराई!” आजी म्हणाल्या.

आणि मग त्यांनी झाडाचे नाव विचारले. गृहस्थ म्हणाले, “धौ.” आजींनी एक पान चष्म्याजवळ धरून पाहिले, तोडले नाही, फांदीच वाकवली. धौ हा आपल्या धावड्याचा चुलत भाऊ. धावडा म्हणजे ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवांत घालतात तो. आजींनी हिंदी-मराठीची खिचडी करून डिंकाच्या लाडवांची सगळी कृती त्या गृहस्थांना सांगितली, खारीक-खोबऱ्यासकट. त्यांनीही आपल्याकडचे गोंदाचे लाडू सांगितले. दहा मिनिटे अरवली बाजूलाच राहिली.

धौ मोठा चिवट. गुरांनी खाल्ला तर उंच न होता जमिनीसरसा चटईसारखा पसरतो, आणि खाणे थांबले की पुन्हा वर उठतो. क्वार्टझाइटच्या फटींत मुळे घालतो, थोडी माती धरून ठेवतो आणि त्याच फटींतून पावसाचे पाणी खाली मुरते. खड्ड्यात उघडे पडलेले भूजल ते हेच. मुलगा आता जरा मोकळा झाला होता. वाळूत उमटलेले पंजे कोल्ह्याचे की तरसाचे, यावर तो गृहस्थांशी वाद घालू लागला. या पट्ट्यात बिबट्याही आहे. असोल्यात कॅमेरे लावून त्याची नोंद झालेली आहे आणि त्या अभयारण्यात शिक्षण केंद्र चालवून अभ्यास करणारी संस्था होती आपल्या मुंबईची, १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. मांगरजवळच्या कपारींतली प्राचीन चित्रे २०२१ साली पुरातत्त्व खात्याच्या नजरेस आली.

हरियाणा सरकारने २०१६ साली बनीची ६७७ एकर जागा निश्चित करून भोवती बांधकामबंदीचा पट्टा आखला. पण अरवली म्हणजे नेमके काय, हा वाद मिटलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंच असेल त्यालाच अरवली टेकडी मानण्याची व्याख्या स्वीकारली. देशभर ओरड झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर न्यायालयाने स्वतःच आपला निर्णय स्थगित ठेवला. दिल्लीभोवतीच्या बहुतेक टेकड्या या मापाने बुटक्याच ठरतील. बुटक्या टेकडीत पाणी मुरत नाही असे काही नसते, हे मात्र कोणीतरी सांगायला हवे होते.

बनीच्या काठावर, खडकावर बसूनच डबे उघडले गेले. खरकटे आणि पिशव्या गृहस्थांनी मोजून परत गाडीत ठेवायला लावल्या. बाबांनी उरलेली अर्धी रक्कम दिली आणि वर थोडे जास्त दिले, ते त्यांनी आढेवेढे न घेता घेतले. घरी पोहोचेपर्यंत ऐंशीच्या वर अठरा किलोमीटर झाले होते.

संध्याकाळी डब्लिनला फोटो गेले. निळ्या पाण्याचा एकच, लांबून घेतलेला. थोरल्याने विचारले, “इतका लांबून का?” धाकट्याने उत्तर दिले, “गाइडने पुढे जाऊ दिले नाही.” तिकडून लगेच आले, “आमच्यानेही नाही.”

ज्यांना जायचे असेल त्यांनी हिवाळ्याचे शेवटचे दिवस धरावेत. धुराचा जोर ओसरलेला असतो आणि मार्चनंतरच्या उन्हात वयस्क माणसांना हा खडक सोसवत नाही. बनीत गावातल्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय शिरू नये. त्या वेळी वनखात्याची परवानगी लागते का, तेही त्यालाच आधी विचारावे. लहान मुले असतील तर असोल्याची नीली झील बरी. तीही खाणीतलीच, पण अभयारण्याचे दार आणि पहारा ओलांडून जावे लागते. टॅक्सी दिल्लीची असेल तर हरियाणात शिरण्याचा कर भाड्यात धरला आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि फेब्रुवारीत सूरजकुंडची हस्तकलांची जत्रा असते, त्या दिवसांत सूरजकुंडकडचा रस्ता टाळावा. तासन् तास गाडी हलत नाही.