गुडघा, घाट आणि घोळका

मराठी भाषेने गुडघ्याला दोन कामे दिली आहेत. एक बाशिंग बांधून घेण्याचे आणि दुसरे टेकण्याचे. पहिल्यात उतावळेपणा आहे, दुसऱ्यात शरणागती. साठीच्या आसपास गुडघा दुखावलेल्या माणसाची सारी कथा या दोन वाक्प्रचारांच्या मधल्या जागेत घडते. सकाळी तो बाशिंग बांधून उठतो आणि संध्याकाळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर टेकतो. लग्नाच्या पंगतीत, पेन्शनरांच्या मेळाव्यात, बागेतल्या बाकावर आजकाल ‘तुमचा डावा की उजवा?’ असे कोणी विचारले तर तो प्रश्न विचारसरणीचा नसतो, गुडघ्याचा असतो.

माझा डावा. गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात सोसायटीच्या ओल्या जिन्यावर पाय सरकला. पाऊल जागेवर राहिले आणि वरचे शरीर वळले. गुडघ्याच्या सांध्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेच्या दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात. त्यांतल्या आतल्या बाजूच्या गादीला चीर गेल्याचे तपासणीत दिसले. सांधा मध्येच अडकून पडत नव्हता, त्यामुळे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. या वयात अशा चिरा पुष्कळांना असतात आणि नेटाने केलेला व्यायाम अनेकदा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेइतकाच उपयोगी पडतो, असे त्यांनी समजावून सांगितले. मी एकच प्रश्न विचारला, ‘‘सायकल?’’ डॉक्टरांनी कागदावरचे माझे वय पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाले, ‘‘चालवाल. कधी, ते मात्र गुडघ्याला ठरवू द्या. तुमच्या मित्रमंडळींना नको.’’

ही मित्रमंडळी म्हणजे आमचा रविवारचा गट. चौदा जण. त्यात एक दंतवैद्य बाई आहेत, स्पेअर पार्टचे दुकानदार आहेत, दोन संगणक अभियंते आहेत, निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि वडिलांबरोबर येणारी कॉलेजातली एक मुलगी आहे. पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचे, खडकवासल्याच्या धरणावरून पुढे जलाशयाच्या कडेने पानशेतच्या रस्त्याला लागायचे. कधी कात्रजचा जुना घाट चढून बोगद्यापलीकडे खेड-शिवापूरला उतरायचे. वर्षातून एकदा वाईला मुक्काम करून पसरणीचा घाट चढून पाचगणी गाठायची. आमच्या तरुणपणी पुण्यात सायकल सगळेच चालवत. कॅरिअरला डबा, दांडीवर धाकटा भाऊ आणि रात्री डायनॅमोचा मिणमिणता दिवा. त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे, ते नुसते जाणे होते. आता डोक्यावर हेल्मेट, हँडलला वेग दाखवणारे यंत्र आणि टायर बोटभर रुंदीचा. पण घोळक्याने जाण्याची मौज जुनीच आहे.

ही मौज सहा महिने बंद झाली.

पहिल्या तीन आठवड्यांत एक गोष्ट मला चकित करून गेली. दुखत होता गुडघा, पण वाळत चालली होती मांडी. फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिंप्याची टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या, तर डावी दोन सेंटिमीटरने बारीक भरली. सांध्यात सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूमच कमजोर होतो. जणू वरिष्ठ कार्यालयाने दुखावलेल्या शाखेचे अधिकार काढून घ्यावेत, तसा मेंदू त्या स्नायूचे काम आखडते घेतो. गुडघ्याला सावरून धरणारा मुख्य आधार तोच. तो दुबळा झाला की गुडघ्यावरचा ताण आणखी वाढतो. म्हणून उपचाराची सुरुवात अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती मांडी आवळून खाली दाबायची, पाच अंक मोजायचे, सोडायचे. दिवसातून तीन वेळा. ज्याने आदल्या डिसेंबरात पसरणीचा घाट चढला त्याने जुलैत टॉवेल दाबायचा! पण बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला आवर्ती ठेवीचे महत्त्व सांगावे लागत नाही. हप्ता लहान असतो, पण तो चुकवायचा नसतो.

त्यानंतर घरातली स्थिर सायकल. पायडलचा पूर्ण फेरा मारायला गुडघा साधारण ११० अंशांपर्यंत वाकावा लागतो. माझा तेव्हा ९० अंशांवर अडत होता. मग अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असा झोका घ्यायचा. सप्टेंबरात एका सकाळी पायडल वरच्या टोकावरून पलीकडे गेले आणि फेरा पूर्ण झाला. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘‘आवाज बदलला हो!’’ झोक्याची कुरकुर थांबून चेनची सलग घरघर सुरू झाली होती. तिच्या कानाला ते माझ्याआधी कळले.

दुखऱ्या गुडघ्याला सायकल कशी चालेल, असे पुष्कळांनी विचारले. उत्तर आकड्यांत देता येते. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यांत मोजमापाची उपकरणे बसवून गुडघ्यावर खरोखर किती भार येतो ते पाहिले आहे. सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट; आणि बेताच्या जोराने सायकल चालवताना मात्र वजनाच्या सव्वा पटीच्या आत. कारण सोपे आहे. शरीराचा बराचसा भार सीट पेलते आणि पाऊल जमिनीवर आपटत नाही.

पण यात दोन अटी आहेत. पहिली सीटच्या उंचीची. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा. सीट खाली असली तर गुडघ्याच्या वाटीमागे दाब वाढतो, फार वर असली तर मागच्या बाजूला ओढ बसते. कॅरिअरवरच्या पोत्यासह बुटक्या सीटवर बसून पाय फाकवत सायकल रेटणारा दूधवाला आठवा. त्याच्या गुडघ्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. दुसरी अट गिअरची. हलका गिअर आणि भराभर पाय. मिनिटाला ८५ फेरे धरले तर तासाला ५१०० फेरे होतात. म्हणजे प्रत्येक गुडघा तासात ५१०० वेळा वाकतो आणि उलगडतो. एवढ्या उलाढालीत प्रत्येक व्यवहाराचा बोजा हलका असलेलाच बरा. जड गिअर टाकून घाट रेटणे हे उत्तम गुडघेवाल्यांनाही परवडत नाही.

नोव्हेंबरात मी एकटा रस्त्यावर आलो. आठ किलोमीटर, मग दहा, मग पंधरा. नियम एकच होता. त्या दिवशी गुडघा काय म्हणतो याला महत्त्व द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना तो काय म्हणतो ते ऐकायचे. सूज किंवा दुखणे वाढलेले असेल तर पुढच्या खेपेला अंतर कमी. एकट्याने हे पाळणे सोपे असते. अवघड प्रश्न वेगळाच होता, आणि हा लेख त्यासाठीच लिहितो आहे. गटात परत जायचे की नाही?

गटाचे गणित विलक्षण असते. सपाटीवर थोडा वेग घेतला की सायकलस्वाराचे निम्म्याहून अधिक बळ वारा कापण्यात खर्च होते. पुढच्याच्या चाकामागे राहिले की तो खर्च उतरतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ताशी ३२ किलोमीटर वेगाने दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याची बचत १८ टक्के भरली आणि ताशी ४० ला २७ टक्के. आठ जणांच्या घोळक्यामागे तर ती आणखी वाढली. म्हणजे श्वास आणि हृदय यांच्यासाठी घोळका ही मोठी सवलत आहे. गुडघ्याला मात्र तीच सवलत महाग पडू शकते. आडोशाला सारे हलके वाटते. तेवढ्यात पुढच्या कोणाला तरी हुक्की येते, चार-सहा मीटरचे अंतर पडते आणि ते भरून काढायला पाय आपोआप जोर लावतात. ‘हे चाक सुटता कामा नये’ या एका विचारापुढे टॉवेलचे तीन महिने विसरायला होते. वेग दुसऱ्याचा आणि गुडघा आपला, असा तो व्यवहार आहे. कर्ज मंजूर करताना अर्जदाराचा उत्साह पाहायचा नसतो, फेडण्याची ऐपत पाहायची असते, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. आता अर्जदारही मीच आणि अधिकारीही मीच!

मोठ्यांनाही हा पेच सुटलेला नाही. फ्रान्सचा बेर्नार इनो १९८० च्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये आघाडीवर होता. पिवळी जर्सी अंगावर असताना गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याने पो गावी रात्री शर्यत सोडली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो जागतिक अजिंक्यपद जिंकला. पण १९८३ मध्ये गुडघा पुन्हा उलटला, शस्त्रक्रिया झाली आणि ‘टूर’ हुकली. १९८४ मध्ये तो परतला, तेव्हा तरुण लोराँ फिन्याँने त्याला साडेदहा मिनिटांनी मागे टाकले. इनो दुसरा आला. पाचवे विजेतेपद त्याला १९८५ मध्ये मिळाले. ही गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणूनच दुसरीही सांगितली पाहिजे. चार वेळा ‘टूर’ जिंकलेल्या ख्रिस फ्रूमचा जून २०१९ मध्ये भीषण अपघात झाला, मांडीचे हाड मोडले. २०२० मध्ये तो शर्यतींत परतला. वर्षानुवर्षे घोळक्यात राहिला. पण त्यानंतर त्याला एकही शर्यत जिंकता आलेली नाही. परतणे आणि पूर्वीसारखे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्या हातात काही अंशी असते. दुसरीचे वचन कोणी देऊ नये आणि कोणी मागू नये.

आमच्या गटात या प्रश्नाला आणखी एक बाजू होती. आठवडाभर कचेरीत राबणाऱ्या तरुणांना रविवारची ही तीन तासच मोकळी मिळतात. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यासाठी त्यांनी रेंगाळावे का? आणि ते माझ्यासाठी थांबत आहेत हे मला सहन होईल का? फोनवर मुख्याध्यापकांपाशी हे बोललो, तर ते म्हणाले, ‘‘साहेब, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलासाठी तास थांबवत नसतात. पण त्याला वर्गाबाहेरही बसवत नसतात.’’ दंतवैद्य बाईंनी व्यवहार सांगितला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली होती. त्या म्हणाल्या, ‘‘काका, आधी ठरवा कुठून परत फिरायचं. घरून निघायच्या आधी. रस्त्यावर ठरवाल तर कधीच फिरणार नाही.’’

मग जानेवारीत तह झाला. खडकवासल्यापर्यंत सर्वांनी बरोबर, बेताच्या वेगाने जायचे. नाही तरी पहाटेच्या अंधारात आणि वारज्याच्या वाहतुकीत वेग घेणे शहाणपणाचे नव्हतेच. धरणापासून पुढे ज्याला त्याला मोकळीक. मी तिथून मागे फिरायचे. मला गाठून कोणी ‘‘चला ना काका, आणखी पाचच किलोमीटर’’ असे म्हणायचे नाही. आणि मी सर्वांत शेवटी राहायचे, म्हणजे कोणाच्या वेगाला बांधला जाणार नाही.

शेवटी राहण्याचा अनुभव मला नवा होता. पुढे असताना फक्त रस्ता दिसतो. मागून सगळी माणसे दिसतात. खड्डा आला की पहिला हात खाली करून दाखवतो, मग दुसरा, मग तिसरा. ती खूण चौदा माणसांमधून वाहत माझ्यापर्यंत येते. कोणाची सीट खाली आहे, कोण जड गिअर ओढतो आहे, कोणाची मुलगी कधी बापाच्या पुढे गेली आणि बापाने ते कसे मुकाट्याने होऊ दिले, हे सारे मागूनच कळते.

आणि धरणाजवळच्या चहाच्या टपरीवर आमचे एक जुने सोबती भेटतात. वय ७२. त्यांना तोल सांभाळण्याचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी सायकल कायमची बंद केली. दुखापतीसारखा तो तात्पुरता मामला नव्हता. वर्षभर ते कोणाचा फोन घेत नव्हते. आता दर रविवारी मुलाच्या गाडीतून टपरीवर येतात, चौदा चहा सांगून ठेवतात आणि कोणाच्या चेनला तेल नाही यावर बोलतात. एकदा मी त्यांना विचारले, ‘‘बघून वाईट नाही वाटत?’’ ते म्हणाले, ‘‘वाटतं ना. पण घरी बसून जास्त वाटायचं.’’

माझ्या सहा महिन्यांच्या साऱ्या कमाईपेक्षा मला हे वाक्य मोलाचे वाटते. आपल्या घरांतून, चाळींतून, सोसायट्यांतून कितीतरी माणसे एखाद्या दुखण्याचे निमित्त होऊन घोळक्यातून बाजूला पडतात. भजनी मंडळातून, टेकडीवरच्या फिरण्यातून, पत्त्यांच्या अड्ड्यातून. ‘आता तुमच्याबरोबर जमायचे नाही’ असे ती म्हणतात आणि आपण ‘बरं’ म्हणतो. त्यांना किती जमेल, हे विचारायचे राहून जाते. अर्धे अंतर, शेवटची जागा, नुसता चहा, यांतले काहीही चालते. फक्त ते कोणीतरी देऊ करावे लागते आणि घेणाऱ्याला ते घेण्यात कमीपणा वाटू नये.

डाव्या मांडीचे दोनांपैकी दीड सेंटिमीटर भरून आले आहे. पुढच्या रविवारी धरणापासून थोडे पुढे, सिंहगडाच्या पायथ्याशी डोणज्यापर्यंत जायची परवानगी मिळाली आहे. गडाच्या चढाची नाही. तिथून परत फिरायचे, हे घरून निघण्याआधीच ठरले आहे.