यहूदी आहारनियम आणि आरोग्यास घातक अन्नाचा निषेध : एक विवेचन

प्रस्तावना

यहूदी आहारनियमांची चर्चा निघाली की एक ठरावीक स्पष्टीकरण हमखास पुढे येते. उष्ण प्रदेशात डुकराचे मांस लवकर नासते, त्यात कृमी असतात, म्हणून प्राचीन धर्मकारांनी ते वर्ज्य ठरविले, असे ते स्पष्टीकरण होय. १८३५ मध्ये लंडन येथे जेम्स पॅजेट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मानवी स्नायूंत ट्रिकिनेला हा कृमी आढळला. १८६० मध्ये झेंकर या जर्मन वैद्याने या कृमीमुळे मृत्यू ओढवू शकतो हे दाखविले. त्यानंतर या मताला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले. पदवी वर्गातील उत्तरपत्रिकांतही ते इतक्या निःशंकपणे लिहिलेले असते की, त्याची तपासणी करणे प्रस्तुत लेखकास आवश्यक वाटले. यहूदी धर्मशास्त्राने स्वतः ‘निषिद्ध’ अन्न आणि ‘धोकादायक’ अन्न असे दोन स्वतंत्र विभाग मानले आहेत. त्यांतील दुसऱ्या विभागाचा परिचय आपल्याकडे फारसा नाही; तो करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

निषिद्ध अन्न आणि त्याचे कारण

पहिला विभाग ‘कश्रुत’ या नावाने प्रसिद्ध आहे. खूर दुभंगलेले असून रवंथ करणारे पशू भक्ष्य. खवले आणि पर असलेले मासे भक्ष्य. मांस व दूध एकत्र वर्ज्य, हे त्यातील ठळक नियम. कोकणातील बेने इस्रायल समाजाची आख्यायिका मराठी वाचकास परिचित असेल. दाविद राहाबी यांनी निरनिराळे मासे पुढे ठेवले असता या समाजातील स्त्रियांनी केवळ खवले व पर असलेले मासे रांधण्यास घेतले आणि त्यावरून त्यांचे यहूदीपण ओळखले गेले, असे सांगतात. मासळी ताजी की शिळी, हा तेथे प्रश्नच नव्हता.

या नियमांमागे आरोग्याचा विचार आहे काय, हा वाद मध्ययुगातही होता. स्वतः वैद्य असलेले मैमोनिडीस (मृत्यू १२०४) यांनी निषिद्ध अन्न प्रकृतीस अपायकारक असते असे प्रतिपादन केले. पंधराव्या शतकातील भाष्यकार इसहाक अबरबनेल यांनी त्यास हरकत घेतली. डुक्कर खाणारे शेजारी धडधाकट दिसतात, आणि कित्येक वनस्पती जीवघेण्या असूनही धर्मग्रंथाने त्यांचा निषेध केलेला नाही. धर्मग्रंथ हे वैद्यकाचे पुस्तक नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो आजही बिनतोड वाटतो. निषेधासाठी धर्मग्रंथाने दिलेले कारण पावित्र्याचे आहे.

धोक्याचा स्वतंत्र विभाग

मग विषारी वनस्पती खाण्यास धर्माची मुभा आहे काय? अर्थातच नाही. स्वतःच्या जिवाची काळजी घ्यावी, या अनुवाद ग्रंथाच्या चौथ्या अध्यायातील आज्ञेवर पंडितांनी धोक्याचा, म्हणजे ‘सकाना’चा, विभाग उभारला. त्याचे मूलसूत्र तालमूदच्या ‘हुलीन’ या प्रकरणात आढळते : धोक्याच्या बाबतीत निषेधापेक्षा अधिक कडक राहावे. विधीच्या शुद्धाशुद्धतेबाबत सार्वजनिक ठिकाणी शंका आल्यास वस्तू शुद्ध मानतात. उघडे राहिलेले पाणी सापाने उष्टावले असेल काय, ही शंका आल्यास मात्र ते पाणी पिऊ नये. शंकेचा फायदा पहिल्या ठिकाणी मिळतो, दुसऱ्या ठिकाणी मिळत नाही.

सुमारे इ. स. २०० मध्ये संकलित झालेल्या मिश्नामध्ये पाणी, द्राक्षासव आणि दूध ही तीन पेये उघडी राहिल्यास वर्ज्य सांगितली आहेत. मैमोनिडीस यांनी आपल्या संहितेत हा विषय आहारनियमांत न घालता मनुष्यहत्या व जीवरक्षण यांच्या प्रकरणात घातला, ही गोष्ट लक्षणीय आहे. दंशाची छिद्रे असलेली अंजिरे व काकड्या खाऊ नयेत, जळू पोटात जाण्याच्या भीतीने रात्री नदीचे पाणी पिऊ नये, नाणी तोंडात धरू नयेत, असे नियम तेथे येतात. ‘माझ्या जिवाशी मी खेळतो, इतरांना काय त्याचे?’ असे म्हणणाऱ्यास तेथे फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. याउलट जीव वाचविण्यासाठी निषिद्ध अन्नही चालते. प्रायश्चित्तदिनाच्या कडक उपवासातही आजाऱ्यास जाणकारांच्या सल्ल्याने आणि जाणकार नसल्यास त्याच्या स्वतःच्या शब्दावर अन्न द्यावे, असे मिश्ना सांगते.

धोका ओसरल्यावर

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. पावित्र्याचा नियम काळाने बदलत नाही. धोका मात्र बदलतो. १५६५ मध्ये छापलेल्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेत योसेफ कारो यांनी, आता आपल्यात असे साप आढळत नाहीत, असे कारण देऊन उघड्या पाण्याचा निषेध उठविला. लगेच पुढच्याच कलमात मात्र मांस व मासे एकत्र खाल्ल्यास कोड उद्भवते म्हणून ते टाळावे, असा तालमूदमधील इशारा त्यांनी कायम ठेवला. (आपल्या आयुर्वेदातील विरुद्धाहाराची येथे आठवण व्हावी, चरकसंहितेत मासे व दूध यांचा संयोग वर्ज्य मानला आहे.) सतराव्या शतकात पोलंडमधील अव्राहाम गोंबिनर यांनी प्रकृती व देशमान बदलल्याने आता हा धोका तितकासा नसावा, असे लिहिले. मैमोनिडीस यांच्या संहितेत हा इशारा मुळीच नाही. वैद्य या नात्याने त्यांना तो निराधार आढळला असावा, असा तर्क पुढे प्रेसबर्गचे मोशे सोफेर यांनी केला.

तरीही प्रथा टिकून आहे. शब्बाथच्या जेवणात मासे आधी, वेगळ्या ताटलीत वाढतात. मध्ये काही खाऊन-पिऊन मग मांस घेतात. वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही हा बारीक मासा असतो. त्याचे प्रमाण साठाव्या भागाहून अधिक असल्यास अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स युनियन ही संस्था बाटलीवरील प्रमाणचिन्हापुढे ‘फिश’ असे नोंदविते, म्हणजे तो सॉस मांसावर घालावयाचा नाही. निषिद्ध पदार्थ साठपट अन्नात मिसळला तर सामान्यतः नगण्य ठरतो. धोकादायक पदार्थालाही ही सवलत लागू आहे काय, यावर दाविद हलेवी सेगल यांनी नकारार्थी मत दिले होते. बहुसंख्यांनी ते मानले नाही.

जुना, आता कोणाला न दिसणारा धोका पाळला जात असताना नव्या, सिद्ध झालेल्या धोक्याचे काय झाले? तंबाखू हे अन्न नव्हे, परंतु सूत्राची कसोटी तेथेच लागली. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे मोशे फाइनस्टाइन यांनी धूम्रपान टाळावे असे सांगितले, पण ते निषिद्ध ठरविण्यास नकार दिला. अनेक थोर पंडित धूम्रपान करीत आले होते, आणि भोळ्यांचे रक्षण ईश्वर करतो, हे त्यांचे आधार होते. हे शिथिल धोरण ‘हुलीन’मधील सूत्राशी जुळत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जेरुसलेमचे एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी पुढे स्पष्ट निषेध केला. रॅबिनिकल कौन्सिल ऑफ अमेरिका या संस्थेच्या धर्मशास्त्र समितीने धूम्रपान धर्मशास्त्रानुसार वर्ज्य असल्याचा निर्णय २००६ मध्ये दिला.