उचल घेतलेले बंदूकवाले

सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशी माणूस पोचला तो तापी खोऱ्याच्या रेल्वेनं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची कितीतरी घरं मागावरच्या कामासाठी इथं आली आणि अहिराणीसकट राहिली. या वस्तीत बसून ‘शोले’विषयी लिहायचं, तर त्यातल्या डाकू गब्बरच्या आधी उचलीविषयी, म्हणजे कामाआधी हातात पडणाऱ्या पैशांविषयी, बोलायला हवं. आणि ती गोष्ट सुरू होते वेस्टर्नपासून.

हॉलिवुडच्या वेस्टर्नमधला बंदूकवाला बहुधा एकटा येतो, गावाची पीडा घालवतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. जॉन फोर्डच्या अशा चित्रपटांवर अकिरा कुरोसावांचं प्रेम होतं. पण १९५४च्या ‘सेव्हन सामुराई’त त्यांनी त्या वीराच्या पोटाचा प्रश्न काढला. शेतकऱ्यांजवळ त्याला द्यायला भाताखेरीज काही नाही. शेवटी शेतकरी गात लावणी करतात आणि उरलेले तीन सामुराई सोबत्यांच्या थडग्यांपाशी उभे असतात. हॉलिवुडनं १९६०मध्ये त्याचाच ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ केला. म्हणजे हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे; त्याला नुसती नक्कल म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

१५ ऑगस्ट १९७५ला आलेल्या ‘शोले’त सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी पोटासाठी लढणाऱ्या वीराचा हा धागा आपल्या मातीत रोवला. गब्बरला पकडण्यासाठी जय-वीरू गावच्या ठाकूरकडून आधी पैसे घेतात, मग कामाला लागतात. ही उचलच की! मुकादमाकडून उचल घेऊन गाव सोडणाऱ्याला ते नातं समजावून सांगावं लागत नाही. आणि राधा? विधवा सुनेच्या पुनर्विवाहाचा विचार करणारा सासरा वेस्टर्नच्या साच्यात कुठून सापडणार? मला तर सुडाच्या कथेपेक्षा ही जागा मोठी वाटते.

‘शोले’त मराठी मुलूख आणि मराठी हातही आहेत. रेल्वेवरच्या हल्ल्याचं चित्रीकरण मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ झालं. कालिया झाले विजू खोटे, अहमद झाला सचिन पिळगावकर. चित्रपटाला मिळालेलं एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलक एम. एस. शिंदे यांचं.

पुढचा टप्पा मालेगावचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमागांच्या या गावात, गावचीच माणसं घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकूंना घोडे कुठले? ते सायकलींवर आले. लोक हसले, आणि हसावं म्हणूनच तो केला होता. पण ‘शोले’तलं गाव रामगढ तेव्हा मागवाल्यांच्या मालकीचं झालं. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटानं आणि नंतर रीमा कागती यांच्या चित्रपटानं ही मंडळी जगापुढे नेली.

मूळ मालेगावी चित्रपट मात्र कॅसेट आणि सीडीवर फिरले, आणि त्या वस्तू फार काळ टिकत नाहीत. नवागामात, मालेगावात किंवा धुळ्यात कुणाच्या ट्रंकेत अशी एखादी सीडी असेल, तर टाकून देऊ नका. तिची प्रत करून ठेवा.