घरासाठी तसबिरी, मनासाठी ऊन

मैत्रिणींनो, पोटापाण्याचं काम आणि जीव ओतून करायचं काम यांची ओढाताण आपल्याला काही नवी नाही. डब्लिनचे चित्रकार वॉल्टर ऑस्बर्न (१८५९-१९०३) यांचंही तेच झालं. तरुणपणी ते फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या खेड्यांत उघड्यावर बसून चित्रं काढत. १८९३ साली कॅनडात बहीण बाळंतपणात गेली. तिचं तान्हं बाळ डब्लिनला आलं आणि या अविवाहित मामानं आईच्या मदतीनं ते वाढवलं! (मामा असावा तर असा.) म्हातारे आईवडील होतेच. मग बड्या लोकांच्या तसबिरी करणं आलं, रॉयल हायबर्नियन अकादमीत शिकवणं आलं. नामांकित चित्रकार विल्यम लीच हे त्यांचेच विद्यार्थी. तरीही बागेतल्या बाकावर टेकलेली गोरगरीब माणसं आणि त्यांच्यावरचा ऊनसावलीचा खेळ त्यांनी रंगवलाच. ते चित्र डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे.