शिसे, काजळी आणि लखनौचे रिव्हॉल्व्हर

आजचा भाग एका प्रेक्षकाच्या प्रश्नावरून सुचला. हे गृहस्थ नोकरीनिमित्त लखनौला असतात. सासऱ्यांकडे परवान्याचे .32 चे रिव्हॉल्व्हर आहे. ते विचारतात, "स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली काडतुसे उडवली, दहा-बारा गोळ्यांनंतर चक्री अडायला लागली. दोष हत्याराचा की काडतुसाचा?" बहुतेक वेळा दोष काडतुसाचा असतो, आणि उरलेला साफसफाईचा. पण तो नेमका कसा, हे बघण्यासारखे आहे.

लखनौ हे गाव या विषयाला जुने आहे. 1857 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, मेरठच्या उठावाच्या आठवडाभर आधी, लखनौजवळच्या मूसाबागेतल्या 7 व्या अवध इरेग्युलर पलटणीने काडतुसे दातांनी तोडायला नकार दिला. 3 मे रोजी हेन्री लॉरेन्सने त्या पलटणीची हत्यारे काढून घेतली. चरबीचा वाद आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण काडतुसाला चरबी लावायचीच कशाला, हे शाळेत कोणी सांगत नाही. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे उरतो. ती राख नळीत घट्ट बसते आणि पुढची गोळी आत सरकत नाही. वंगणाने ती मऊ राहते. म्हणजे ज्या चरबीवरून देश पेटला, ती मुळात नळीतल्या घाणीवरचा इलाज होती.

आजची दारू धूररहित आहे, राख फार कमी. तरी शिसे तेच आहे. .32 स्मिथ अँड वेसन लाँग हे 1896 सालचे काडतूस. आपल्याकडे सामान्य नागरिकाला लष्करी मापाची हत्यारे मिळत नाहीत, म्हणून ते इथे टिकून राहिले. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत या मापाची रिव्हॉल्व्हरे बनतात, 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून आलेले 'निर्भीक' त्यातलेच. अलीकडे लखनौजवळच्या संडील्यातही वेब्लीच्या नावाने ती बनू लागली. काडतुसे मात्र आपल्या पुण्याशी नाते सांगतात. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, आणि बुडावर 'केएफ' अशी अक्षरे दिसली तर ते खडकीचे. उत्तर प्रदेशात परवाने किती? केंद्रीय गृहखात्याच्या 2016 अखेरच्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे 33 लाख 69 हजार परवान्यांपैकी 12 लाख 77 हजार एकट्या त्या राज्यात. तेव्हा प्रश्न एका सासऱ्यांचा नाही.

आता हत्यारात काय होते ते बघू. पिस्तुलात गोळी ज्या घरात बसते ते घर नळीचाच भाग असते. रिव्हॉल्व्हरमध्ये तसे नाही. गोळी चक्रीच्या घरातून निघते, एक बारीक फट ओलांडते, मग नळीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात शिरते आणि तिथून आट्यांमध्ये फिरू लागते. ही फट साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. चक्री फिरायची तर ती लागतेच. पण घाणीचा सगळा तमाशा याच फटीच्या आजूबाजूला चालतो.

लोक म्हणतात, गोळी वेगाने जाते म्हणून शिसे वितळून नळीला चिकटते. .32 च्या बाबतीत हे फारसे खरे नाही. ही गोळी सेकंदाला दोनशे-सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते, म्हणजे बेताचाच वेग. खरे कारण माप. गोळी नळीच्या आट्यांपेक्षा केसभर बारीक असली की मागचा तप्त वायू तिच्या कडेने पुढे निसटतो. शिसे 327 अंशांना वितळते आणि वायू त्याच्या कितीतरी पट गरम असतो. तो गोळीची कड कापत जातो आणि कापलेले शिसे नरसाळ्याच्या लगेच पुढे लेपासारखे बसते. स्वस्त काडतुसात मापाची शिस्त नसते, एकाच डबीतल्या दोन गोळ्या सारख्या नसतात. त्यात अँटिमनी न घातलेले मऊ शिसे, आणि वर्षानुवर्षे पडून वाळलेले वंगण. लेप कुठे आहे यावरून कारण ओळखता येते. नळीच्या सुरुवातीला असेल तर बहुधा माप चुकले आहे, तोंडाशी असेल तर वंगण कमी पडले आहे.

दुसरी घाण काजळीची. पितळी खोळ दाबाने फुगून घराच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दारू कमी किंवा दमट असेल तर दाब पुरेसा चढत नाही, खोळ फुगत नाही, आणि काजळी खोळीच्या बाहेरून मागे येते. न जळलेल्या दारूचे कणही उरतात. रिकाम्या खोळी बाहेर ढकलणारी चांदणीच्या आकाराची चकती असते, तिच्याखाली असा एखादा कण गेला की चक्री नीट बंद होत नाही, चाप जड लागतो. आमच्या प्रेक्षकाचे दुखणे बहुधा हेच. उपाय साधा आहे: खोळी काढताना नळीचे तोंड आकाशाकडे ठेवायचे, म्हणजे कण खाली पडतात, चांदणीत जात नाहीत.

इथवर सगळे कटकटीचे, पण धोक्याचे नाही. धोका आहे तो फुसक्या काडतुसात. 'ठो'ऐवजी 'फुस्स' असा आवाज आला, धक्का जाणवला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पिस्तूल अशा वेळी बऱ्याचदा आपणहून थांबते, कारण पुढची गोळी वर चढवायला धक्का लागतो. रिव्हॉल्व्हर थांबत नाही. चाप ओढला की चक्री फिरते आणि नवी गोळी अडकलेल्या गोळीवर आदळते. नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज वेगळा आला की तिथेच थांबा, नळी सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ जाऊ द्या, मग चक्री उघडा. अडकलेली गोळी घरी दांड्याने ठोकू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. आणि कोणीतरी घरी पुन्हा भरलेली काडतुसे स्वस्तात देतो म्हणाला, तर ती घेऊच नका. ते बेकायदा आहे, शिवाय आत दारू किती हे त्यालाही ठाऊक नसते.

लखनौचे हवामानही यात हात धुऊन घेते. पावसाळ्यात कातडी पट्ट्यात खोचून ठेवलेली काडतुसे हिरवी पडतात, कातड्यातल्या रसायनांनी पितळ गंजते. अशी काडतुसे पुसून वापरू नका, विक्रेत्याकडे जमा करा. तेलाचेही तसेच. तिकडे मोहरीचे तेल लावायची सवय, ते हळूहळू चिकट होऊन गोंदासारखे बसते. आपल्याकडचे खोबरेल लखनौच्या थंडीत गोठते. हत्याराचे तेल वेगळे मिळते, तेच वापरा.

साफ करताना आधी चक्री रिकामी करा, सहाही घरे डोळ्यांनी बघा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. काजळी द्रावणाने निघते, शिसे निघत नाही, ते पितळी ब्रशने घासूनच काढावे लागते. ब्रश पुढूनच घालावा लागतो, तेव्हा नळीच्या तोंडाची कड जपा, नेम तिच्यावर असतो. पारा घालून शिसे उतरवायची जुनी युक्ती किंवा व्हिनेगर आणि पेरॉक्साइडचे मिश्रण, दोन्ही विषारी. कवच असलेल्या चार गोळ्या उडवून नळी 'साफ' करणारेही असतात. लेपाने अरुंद झालेल्या नळीत त्याने दाब वाढतो, लेप निम्मा तिथेच राहतो.

आता ज्यासाठी मी हा भाग खरे तर केला ते. लखनौमध्येच 1965 पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, आज ती भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. शिशाचे विष हा तिच्या अभ्यासाचा जुना विषय. शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सर्वात जास्त नुकसान लहान मुलांच्या मेंदूचे होते. गोळीवरच नव्हे, काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकातही बहुधा शिशाचे संयुग असते, त्यामुळे ती काळी काजळी म्हणजे शिशाची धूळ. आणि आपल्याकडे रिव्हॉल्व्हर साफ कुठे होते? जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्र पसरून, शेजारी नातवंडे कुतूहलाने बघत उभी.

तेव्हा सासऱ्यांना सांगा: गच्चीवर किंवा अंगणात बसा, मुलांना लांब ठेवा, हातमोजे घाला. चिंध्या आणि कागद पिशवीत बांधून टाका, झाडूने उडवू नका. हात साबण आणि गार पाण्याने धुवा, आधी धुवा आणि मगच चहाचा कप किंवा पान हातात घ्या. ते कपडे नातवंडांच्या कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका.